सी रांगेतला ढाळ: एका प्राणी-निवाऱ्याच्या डागडुजीचं प्रकरण

चेंडू टेनिसचा होता, कुत्र्यांनी चावून अर्धा सोललेला. सफाईच्या दादांनी तो सी रांगेतल्या सातव्या केनेलच्या मधोमध ठेवला, हात काढून घेतला आणि म्हणाले, “बघा साहेब, कुठं जातो ते.” जायला हवा होता पुढच्या गटाराच्या जाळीकडे. तो क्षणभर थबकला, मग मागच्या भिंतीकडे निघाला आणि कोपऱ्यात जाऊन टेकला. त्या कोपऱ्यात बोटभर पाणी होतं. सकाळची धुलाई उरकून तीन तास झाले होते.

मी तिथे वेगळ्याच कामाला गेलो होतो. या संस्थेचा खजिनदार म्हणून नुकताच रुजू झालो होतो आणि जंतुनाशकाचं बिल वर्षभरात दीडपट का झालं, एवढंच विचारायचं होतं. उत्तर चेंडूने दिलं, पण ते मला कळायला आणखी काही आठवडे गेले.

संस्थेची ओळख पटू नये म्हणून नाव-गाव सांगत नाही. रकमाही सांगत नाही. पुढे सगळीकडे संस्थेचा वर्षाचा एकूण खर्च १०० धरला आहे आणि बाकीचे आकडे त्या मापात वाचावेत. तसंही अशा प्रकरणात रकमेपेक्षा प्रमाणच जास्त बोलतं.

इमारत २० वर्षांची. ए, बी, सी अशा तीन रांगा, प्रत्येकीत १२ केनेल, शिवाय मांजरांची एक मोठी खोली, दवाखाना आणि कचेरी. सगळं एका दात्याच्या एकरकमी देणगीतून उभं राहिलं. उद्घाटनाची पाटी अजून चकचकीत आहे. पितळ आहे आणि दर आठवड्याला कोणीतरी पुसतं. देणगीपत्रात बांधकामाचा तपशील चार पानं आहे. ती इमारत पुढे कोण सांभाळणार, याबद्दल एक ओळही नाही. अंदाजपत्रकात ‘दुरुस्ती व इतर’ नावाचं एक खातं होतं, त्यात वर्षाला १.५. त्यातलं ‘इतर’ किती आणि दुरुस्ती किती हे मी शोधायला गेलो, तर एका वर्षी त्यातून छपाईयंत्र घेतलेलं सापडलं.

पार्व्हो तीनदा का आला

त्याआधीच्या आठ महिन्यांत सी रांगेत पिल्लांना तीनदा पार्व्हो झाला. पार्व्हो म्हणजे कुत्र्यांच्या पिल्लांना होणारा, उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार. प्रत्येक वेळी रांग बंद, म्हणजे एक तृतीयांश जागा गेली. प्रत्येक वेळी विलगीकरण, सलाईन, रात्रपाळी. डॉक्टर आणि व्यवस्थापक ताई दोघंही हुशार आणि कसून काम करणारे. त्यांनी लसीकरणाचं वेळापत्रक तपासलं, नव्याने येणाऱ्या पिल्लांची विचारपूस वाढवली, बूट आणि बादल्या रांगेगणिक वेगळ्या केल्या. सगळं योग्यच होतं. फक्त कोणी फरशीकडे पाहिलं नाही.

हा विषाणू चिवट का, हे थोडं सांगायला हवं, कारण सगळ्या पैशाचा प्रश्न इथेच अडकलेला आहे. त्याला बाहेरचं मेदाचं आवरण नसतं. त्यामुळे साबणाला तो फारशी दाद देत नाही आणि शेल्टरमध्ये रोज वापरली जाणारी क्वाटर्नरी अमोनियम वर्गातली जंतुनाशकं त्याच्यावर भरवशाची नाहीत. ओलसर, सावलीच्या जागी तो कित्येक महिने टिकतो. घरगुती ब्लीच १ भाग आणि पाणी ३२ भाग असं मिश्रण १० मिनिटं पृष्ठभागावर ओलं राहिलं तर तो मरतो. पण विष्ठा, केस, लाळ असली सेंद्रिय घाण समोर आली की ब्लीचची ताकद तिच्याशीच झुंजण्यात संपते. म्हणून आधी घासून धुवायचं, पाणी पूर्ण निचरू द्यायचं, मग ब्लीच. आणि पृष्ठभाग गुळगुळीत, न शोषणारा हवा. भेगेत बसलेल्या घाणीपर्यंत ब्लीच पोचतच नाही.

सी रांगेत यातलं एकही नव्हतं. फरशीवरचा इपॉक्सीचा, म्हणजे पाणी न शोषणाऱ्या रेझिनचा, थर जागोजागी फुगला होता. दादांनी एका फुग्यावर बुटाची टाच दाबली तर कडेने करडं पाणी बाहेर आलं, वास असा की मी मागे सरलो. म्हणजे धुण्याचं पाणी थराखाली जात होतं, तिथे मुरत होतं आणि कुत्रं वर उभं राहिलं की पुन्हा बाहेर येत होतं. मागच्या कोपऱ्यात साचलेल्या पाण्यात ब्लीच ओतलं की ते आणखी पातळ होई. तेवढ्यासाठी सफाई करणारी मुलं जास्त ब्लीच ओतत. बिल दीडपट झालं ते इथे.

आता मला बोचलेली गोष्ट. केनेलच्या दाराशी एक तक्रारवही टांगलेली असते. मी ती घरी नेऊन वाचली. तीन वर्षांत ‘सी रांग, मागे पाणी साचतं’ या अर्थाच्या २७ नोंदी होत्या, बहुतेक दादांच्याच अक्षरात. उत्तराच्या रकान्यात प्रत्येक वेळी तेच दोन शब्द: ‘नोंद घेतली’. वही कचेरीत जायची, सही होऊन परत यायची. विश्वस्तांच्या बैठकीत ती एकदाही आली नव्हती, कारण तिथे येतात ते जमाखर्चाचे कागद, आणि साचलेल्या पाण्याला जमाखर्चात रकाना नसतो.

पैसे होते, पण

गंमत अशी की संस्थेकडे पैसे नव्हते असं नाही. त्याच वर्षी पाय मोडलेल्या एका कुत्र्यासाठी आवाहन केलं होतं. दोन दिवसांत शस्त्रक्रियेच्या खर्चाच्या चौपट जमा झाले. उरलेले ६ उपचार खात्यात पडून होते. इकडे गटार तुंबलेलं आणि तिकडे खातं भरलेलं.

लोक असं का देतात याचा पुष्कळ अभ्यास झालेला आहे. स्मॉल, लोवेनस्टीन आणि स्लोव्हिक या तिघांनी २००७ मध्ये दाखवलं की चेहरा आणि नाव असलेल्या एका पीडितासाठी लोक सढळ हाताने देतात, आकडेवारी पुढे केली की हात आखडतो. इतकंच नव्हे, चेहऱ्याच्या जोडीला आकडेवारी ठेवली तरी देणगी घटते. फरशीला तर चेहराही नाही आणि डोळेही नाहीत.

पण सगळा दोष माणसाच्या स्वभावावर ढकलून आपण मोकळं व्हावं, हे मला पटत नाही. आमच्या फाटकावर मोठ्या अक्षरात रंगवलेलं होतं: ‘तुमचा प्रत्येक पैसा थेट प्राण्यांसाठी’. वाचणाऱ्याला त्यातून काय कळतं? की छत, पाइप, वायरिंग, झाडू हे सगळं कुठूनतरी आपोआप येतं, आणि कोणी त्यावर खर्च केला तर तो प्राण्यांच्या तोंडचा घास. वीस वर्षं आम्हीच दात्यांना हे शिकवलं आणि मग दुरुस्तीला कोणी देत नाही म्हणून कुरकुरलो.

उपचार खात्यातल्या त्या सहांवरून बैठकीत जे झालं ते जसंच्या तसं सांगतो. एक ज्येष्ठ विश्वस्त, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, म्हणाले, “पार्व्हो हा आजार आहे ना? फरशीमुळे तो होतोय ना? मग फरशी दुरुस्त करणं हा उपचारच. घ्या त्यातून.” वरवर पाहता बिनतोड. मला स्वतःला हा मुद्दा मनापासून पटतो. हे सगळं लिहितोय ते त्यासाठीच. तरीही मी विरोध केला. ज्यांनी पैसे दिले त्यांनी एका कुत्र्याचा पाय पाहून दिले होते. विशिष्ट कामासाठी आलेला पैसा त्याच कामाला लागतो. शब्दांची ओढाताण करून त्याची दिशा बदलली की एकदा काम भागतं, आणि पुढच्या वेळी कोणीतरी हिशेब मागतं. व्यवस्थापक ताईंचा आवाज चढला. “काका, तुमचं म्हणणं खरं आहे. पण ते आपण आपसात खरं ठरवून उपयोग नाही, देणाऱ्यांना विचारायला हवं.”

विचारायचं ठरलं. प्रत्येक दात्याला पत्र: कुत्र्याचा पाय बरा झाला, इतके पैसे उरले, फरशीचं असं असं झालंय, तुमच्या वाट्याची शिल्लक तिकडे वळवू का? ‘हो’ आलं तरच वळवायची. उत्तर नाही आलं तर ती ‘नाही’ समजून उपचार खात्यातच ठेवायची. या शेवटच्या अटीवर अर्धा तास वाद झाला, कारण गप्प राहणारे बरेच असणार हे सगळ्यांना माहीत होतं. शेवटी ६ पैकी ४ ला होकार आला. रागावलेलं एकही पत्र आलं नाही. एका बाईंनी मात्र लिहिलं, “कामाचा फोटो पाठवा, आधीचा आणि नंतरचा, गटाराच्या जाळीसकट.” हे पत्र ताईंच्या टेबलाच्या काचेखाली आहे.

नवी इमारत नको म्हणण्याची गोष्ट

याच सुमारास एका मोठ्या दात्याकडून निरोप आला. मांजरांसाठी स्वतंत्र इमारत बांधून देतो. नाव त्यांच्या आईचं. बैठकीत पहिली पाच मिनिटं नुसता आनंद होता.

मग आम्ही आकडे मांडले. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९० मध्ये सरकारी इमारतींबद्दल एक ढोबळ प्रमाण सुचवलं होतं: इमारत आज नव्याने बांधायला जेवढा खर्च येईल, त्याच्या २ ते ४ टक्के दरवर्षी नेहमीच्या देखभाल-दुरुस्तीला ठेवावेत. आमची इमारत आज बांधायची तर १८० लागतील, म्हणजे वर्षाला ३.६ ते ७.२ हवेत. आम्ही ठेवत होतो १.५, तेही छपाईयंत्रासकट. आणि हे प्रमाण कचेऱ्यांसारख्या इमारती डोळ्यांपुढे ठेवून काढलेलं. जिथे रोज दोनदा पाणी, मूत्र आणि ब्लीच पडतं आणि ३६ कुत्री दारं ओरबाडतात, तिथे खालच्या टोकावर विसंबण्यात अर्थ नाही.

दुसरा आकडा जास्त झोंबणारा. राहिलेल्या दुरुस्त्यांचा खर्च भागिले इमारत नव्याने बांधण्याचा खर्च, असा एक निर्देशांक इमारती सांभाळणारे लोक वापरतात. ५ टक्क्यांच्या आत चांगली, ५ ते १० बरी, त्यापुढे वाईट, अशी त्याची सर्वसाधारण वाचनपद्धत. आमच्या थकलेल्या कामांची बेरीज ३१ आली. म्हणजे १७ टक्के. जुनी इमारत या अवस्थेत असताना दुसरी घेणं म्हणजे गळक्या हंड्याशेजारी आणखी एक हंडा आणून ठेवणं.

दात्याला आम्ही दोन पर्याय कळवले: एकतर नव्या इमारतीसोबत तिच्या देखभालीसाठी वेगळा निधी द्यावा, किंवा आहे ती मांजरांची खोली आणि सी रांग नीट करून द्यावी, पाटी आईच्या नावाचीच. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: “आईच्या नावाने गटार?” पुढे बोलणं झालं, पण जमलं नाही. देणगी दुसरीकडे गेली.

निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं. रीत मात्र चुकली. आम्ही त्यांना तक्ता पाठवला. आधी बोलावून घ्यायला हवं होतं, सी रांगेत न्यायला हवं होतं, दादांच्या हातात चेंडू द्यायला हवा होता. दुःखातून दिलेल्या देणगीला आम्ही टक्केवारीने उत्तर दिलं. हे लिहून ठेवतोय कारण बैठकीच्या इतिवृत्तात फक्त ‘प्रस्ताव मान्य झाला नाही’ एवढंच आहे.

यादी

नंतरच्या महिन्यात आम्ही जे केलं ते दिसायला सगळ्यात कंटाळवाणं आणि कामाला सगळ्यात मोलाचं. एक बांधकाम अभियंता, ताई, दादा आणि मी, चौघं मिळून सगळी इमारत फिरलो आणि एकेका भागाची यादी केली: छताचं जलरोधक आवरण, गटाराचे पाइप, फरशीचा थर, हवा बाहेर फेकणारे पंखे, केनेलची दारं, गरम पाण्याची टाकी, विजेचा मुख्य बोर्ड. प्रत्येकापुढे चार गोष्टी: कधी बसवला, किती वर्षं उरली, बदलायला किती लागेल, आणि ती रक्कम उरलेल्या वर्षांनी भागली तर दरसाल किती बाजूला टाकायला हवं.

एकच उदाहरण देतो. छताचं आवरण २४ वर्षांचं, २० सरली, ४ उरली. बदलायचा खर्च १२. पहिल्या दिवसापासून बाजूला टाकत आलो असतो तर वर्षाला ०.५ पुरलं असतं. आज सुरुवात केली तर वर्षाला ३, म्हणजे सहापट. खर्च तोच, छत तेच. फक्त वीस वर्षं कोणी विचारलं नाही.

लेखापरीक्षक घसारा दाखवतातच की, मग वेगळी यादी कशाला, असं काकांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. पण घसारा कागदावर खर्च पडतो, त्यातून बँकेत काही जमा होत नाही. शिवाय तो वीस वर्षांपूर्वीच्या किमतीवर निघतो, आणि पाइप बदलणारा आजची किंमत मागतो.

यादीची बेरीज झाली वर्षाला ७.५. हा आकडा मी बैठकीत वाचला तेव्हा कोणीही काही बोललं नाही, पंख्याचा आवाज तेवढा येत होता. तो पंखाही यादीत होता.

सी रांगेचं काम

पहिला दर आला तो स्वस्त होता: जुना थर खरवडून नवा इपॉक्सी मारून देतो, चार दिवस. आम्ही जवळजवळ हो म्हटलंच होतं. अभियंत्याने एक साधी चाचणी करायला लावली. प्लास्टिकचा चौकोनी तुकडा उघड्या काँक्रीटवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने बंद केल्या आणि १६ तासांनी उचलला. आतल्या बाजूला दहिवरासारखे थेंब होते आणि खालचं काँक्रीट काळपट झालं होतं. खालून ओल येत असताना वर कितीही भारी थर द्या, तो फुगणारच. ओल कुठून, तर रांगेखालचा निचऱ्याचा पाइप मधेच खचला होता. केस आणि गाळ तिथे बसत होता आणि सांध्यातून पाणी झिरपत होतं. जमीन बसल्यामुळे ढाळही उलटा झाला होता. चेंडूने जे सांगितलं ते हेच.

मग काम वाढलं. फरशी फोडून पाइप बदलला, आधीपेक्षा मोठ्या व्यासाचा, आणि दर रांगेला केस अडवणारी जाळीची टोपली. ढाळ मीटरला २ सेंटिमीटर. भिंत आणि फरशी मिळते तिथे काटकोन ठेवला नाही, गोलाई दिली, म्हणजे ब्रश आत फिरतो. काँक्रीट नीट सुकेपर्यंत थांबलो; थर दिल्यावर तो पुरता कडक होईपर्यंत पुन्हा थांबलो. तीन आठवडे धरले होते, पाच लागले. त्या काळात रांगेतली कुत्री स्वयंसेवकांच्या घरी राहिली. दोन तिथेच कायमची राहिली, हा न मागितलेला फायदा.

या एका कामाचा अंदाज ७.५ होता, झाले ९. ते असे आले: दात्यांनी परवानगी दिलेले ४, त्या वर्षीचं दुरुस्ती खातं १.५, एका मृत्युपत्रातून कोणतीही अट न घालता आलेल्या ८ पैकी एक तृतीयांश म्हणजे साधारण २.७, आणि उरलेले ०.८ एका जुन्या देणगीदाराकडून.

पुढच्या वर्षांचं काय

एक रांग एकदा दुरुस्त होणं सोपं. ७.५ दरवर्षी कुठून आणायचे हा खरा प्रश्न, आणि इथे आम्ही बऱ्याच गोष्टी करून पाहिल्या, त्यातल्या निम्म्या फसल्या.

तुंबलेल्या गटाराचा फोटो टाकून केलेलं आवाहन सपशेल पडलं. लोकांना किळस आली, आणि थोडी शंकाही: इतकं वाईट ठेवता का तुम्ही? एका कंपनीचे कर्मचारी ‘सेवेचा दिवस’ म्हणून भिंती रंगवायला आले. मजा आली, गटाने फोटो काढले. ओल्या भिंतीवरचा तो रंग तीन महिन्यांत पापडासारखा सुटला आणि तो खरवडायची मजुरी आम्ही दिली. वस्तुरूप देणग्यांचंही तेच. कोणीतरी वापरलेलं औद्योगिक कपडे धुण्याचं यंत्र दिलं. ते चालवायला विजेचा बोर्ड बदलावा लागणार होता. ‘नको’ म्हणायला आम्ही त्यातूनच शिकलो.

जे चाललं, त्यात पहिलं म्हणजे हिशेबाची भाषा. आमच्याकडे मासिक दाते ‘एका कुत्र्याचा एक दिवस’ या हिशेबाने देतात. त्या एका दिवसात पूर्वी फक्त अन्न, औषध आणि पगार धरलेला होता. आम्ही त्यात छताचा, पाण्याचा, फरशीचा आणि हवेचा वाटा घातला आणि तो उघड छापला. हवेचा म्हणजे काय, असं लोक विचारतात. केनेलमध्ये तासाला १० ते १२ वेळा सगळी हवा बदलली जावी असा सर्वसाधारण दंडक आहे, नाहीतर अमोनिया आणि श्वसनाचे आजार साचतात. ते काम करणारे पंखे झिजतात. दिवसाची किंमत वाढली तेव्हा काही मासिक दाते गळतील अशी भीती होती. थोडे गळले. जे राहिले त्यांच्याकडून इमारतीच्या वाट्याला वर्षाला २.५ येऊ लागले. फाटकावरचं वाक्य दादांनी स्वतः चुना लावून पुसलं.

दुसरं, मृत्युपत्रातून येणारा पैसा. प्राण्यांच्या संस्थांना तो येतो, पण कधी आणि किती याचा नेम नसतो. असा पैसा रोजच्या खर्चात धरला की सवय लागते आणि एखाद्या कोरड्या वर्षी तारांबळ उडते. म्हणून नियम केला: अट न घालता आलेल्या प्रत्येक अशा रकमेचा तिसरा हिस्सा थेट इमारतीच्या गंगाजळीत. सरासरी वर्षाला २.५ मिळतात.

तिसरं जरा अनपेक्षित. नीझी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘सायन्स’मध्ये एक प्रयोग मांडला होता: एका मोठ्या देणगीतून व्यवस्थेचा खर्च आधीच भागलाय, तुमचा सगळा पैसा कामाला जाईल, असं सांगितलं तर लोक जास्त देतात, तेवढीच मोठी देणगी ‘तुम्ही द्याल तितके आम्ही घालू’ अशी वापरली तर त्याहून कमी. वर उल्लेख केलेल्या जुन्या देणगीदारांना आम्ही हे वाचून दाखवलं. त्यांनी दरवर्षीच्या आवाहनाच्या काळातला इमारतीचा खर्च उचलायचं मान्य केलं, नाव न छापता. हे आम्ही फाटकावर पुसलेल्या वाक्याच्या जवळ जातं का? थोडं जातं. फरक इतकाच की आता तो खर्च आहे आणि कोणीतरी तो भरतंय, हे सांगितलेलं असतं. मला यात अजूनही थोडी चुटपुट आहे.

म्हणजे ७.५ पैकी नियमित ५ जमतात. तूट २.५ ची आहे आणि ती बैठकीत दरवेळी मोठ्याने वाचायची असा ठराव आहे.

गंगाजळीचं खातं वेगळं, दोन सह्यांचं, खर्च फक्त यादीतल्या वस्तूंवर. दुसऱ्याच वर्षी परीक्षा झाली. देणग्या आटल्या, पगार थकायची वेळ आली. काकाच म्हणाले, भिंतीत पैसे आणि माणसं उपाशी, हे बरं दिसतं का? नाही दिसत. आम्ही त्यातून उसने घेतले, लेखी, सहा महिन्यांत परत करायच्या बोलीवर. परत करायला नऊ लागले. नियम मोडला असं काही जण म्हणतात. मी म्हणतो, उसनवारी लिहून ठेवली म्हणून तरी ते परत आले.

सी रांगेत त्यानंतर पार्व्होचं एकच पिल्लू आलं, बाहेरूनच आजारी होऊन आलेलं, आणि शेजारच्या केनेलला लागण झाली नाही. याचं सगळं श्रेय फरशीला देता येणार नाही. डॉक्टरांनी त्याच काळात पिल्लांना दाखल होताक्षणी लस द्यायला सुरुवात केली होती आणि दोन्ही वेगळं काढणं शक्य नाही. ब्लीचचं बिल मात्र पूर्वीच्याही खाली आहे. एका केनेलच्या धुलाईला १४ मिनिटं लागत, आता ९. शेल्टर चालवणाऱ्यांमध्ये दर प्राण्यामागे रोज किमान १५ मिनिटं, ९ सफाईची आणि ६ खाऊ घालण्याची, असं एक जुनं माप सांगितलं जातं. त्या मापात आम्ही पहिल्यांदा बसलो. वाचलेल्या वेळात दादा कुत्र्यांना अंगणात सोडतात.

मधल्या काळात पंखे बदलले, ३ गेले. छताची ४ वर्षं उरली होती त्यातली २ सरली. त्यासाठी १२ हवेत, गंगाजळीत ७ आहेत. तक्रारवही आता दर बैठकीत पहिल्या क्रमांकावर येते आणि उत्तराच्या रकान्यात ‘नोंद घेतली’ लिहायला बंदी आहे. काम, तारीख किंवा ‘पैसे नाहीत’ यापैकी काहीतरी लिहावं लागतं. परवाच्या पावसानंतरची नोंद दादांची: ‘मांजरांची खोली, खिडकीवर गळतं. बादली ठेवली. सकाळी चार बोटं पाणी.’ पुढच्या रकान्यात ताईंनी लिहिलंय, ‘पैसे नाहीत, ५ कमी’, आणि खाली माझी सही आहे.